आधी सॉसेज, मग सॉस

गोड पदार्थ आणि उघडा निखारा यांचे फारसे पटत नाही. भाजलेल्या सॉसेजवर आंबट-गोड काहीतरी घालून खाण्याचा सगळा खटाटोप या एका अडचणीभोवती फिरतो. साखर किंवा गूळ घातलेला रस आधीच फासून सॉसेज जाळीवर ठेवले, तर आतले मांस शिजण्याच्या कितीतरी आधी बाहेरची साखर काळी पडते आणि जे हाती येते ते वरून कडू आणि आतून कच्चे असते. कोंबडीच्या तंगड्या किंवा डुकराच्या बरगड्या भाजणारी जाणती माणसेही गोड लेप शेवटच्या काही मिनिटांतच लावतात. जर्मनीच्या पश्चिमेकडच्या रुर भागात, जिथे आम्ही गेली काही वर्षे राहत आहोत, हा प्रश्न मुळातूनच निकालात काढलेला आहे: विस्तवावर फक्त सॉसेज, वेगळ्या पातेल्यात सॉस, आणि दोघांची गाठ पडते ती थेट ताटलीत. करीवुर्स्ट या नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ बर्लिनचा म्हणून प्रसिद्ध असला, तरी निखाऱ्यावर भाजलेले सॉसेज आणि त्यावर गरम आंबट-गोड सॉस ही जोडी खरी नांदते ती इथे, असे माझे मत आहे. बर्लिनकरांना ते पटणार नाही, आणि पटावे अशी अपेक्षाही नाही.

रुर म्हणजे डॉर्टमुंड, बोखुम, एसेन, गेल्सेनकिर्शेन अशी एकमेकांना चिकटलेली शहरे. एक शहर संपून दुसरे कधी लागले ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. कोळसा आणि पोलाद यांवर हा भाग पिढ्यान्‌पिढ्या जगला. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण, बोट्रोपची प्रोस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. खाणी गेल्या, पण कामगारांच्या भुकेवर उभ्या राहिलेल्या खाण्याच्या टपऱ्या राहिल्या, आणि वस्तीच्या कडेने असलेल्या छोट्या भाड्याच्या बागांच्या वसाहतीही राहिल्या. या बागांना श्रेबरगार्टन म्हणतात. प्रत्येक कुटुंबाला जमिनीचा एक तुकडा, त्यात भाजीचे वाफे, एखादे सफरचंदाचे झाड, अवजारे ठेवायला लाकडी खोली, आणि न चुकता मांस भाजायची शेगडी. आमच्या शेजारचे आजोबा, उमेदीची सगळी वर्षे खाणीत घालवलेले गृहस्थ, एप्रिलमधल्या पहिल्या उबदार शनिवारी तिथे कोळसा पेटवतात तेव्हा हंगाम सुरू झाला असे समजायचे. त्यांच्याकडून मी जे शिकले त्यात बोलणे कमी आणि थांबणे जास्त होते. ‘अजून नाही’ हे त्यांचे मुख्य मार्गदर्शन.

हे ‘अजून नाही’ पहिल्यांदा ऐकायला मिळते ते कोळशाच्या बाबतीत. ज्वाळा दिसत आहेत तोवर जाळीवर काहीही ठेवायचे नाही. निखाऱ्यांवर राखेचा पांढुरका थर चढला, म्हणजे आच एकसारखी झाली. मग सगळे निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढायचे, म्हणजे अर्धी जाळी निखाऱ्यांवर आणि अर्धी मोकळी राहते. जाळी तापली की आजोबा चिमट्यात डुकराच्या चरबीचा तुकडा धरून तो तारांवरून फिरवतात, त्यामुळे सॉसेजची साल जाळीला चिकटत नाही. जाळीवर बिअर शिंपडण्याचीही एक पद्धत आहे. तिच्यात करमणुकीपलीकडे मला तरी काही दिसत नाही, कारण राख उडून सॉसेजवर बसते आणि बिअर वाया जाते.

सॉसेजचेही प्रकार असतात आणि कोणते आणले आहे हे माहीत असल्याशिवाय भाजायला बसू नये. खाटकाकडे मिळणारे ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजून खायचे सॉसेज, एकतर पूर्ण कच्चे असते किंवा गरम पाण्यात आधीच शिजवून घेतलेले असते. कच्चे असेल तर ते आणल्या दिवशीच भाजायचे, आणि मधोमध ७२ अंश सेल्सियसपर्यंत उष्णता पोहोचली आहे याची खात्री करायची, कारण खिम्यात बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात. अख्ख्या तुकड्यासारखे वरवर भाजून भागत नाही. आधी शिजवलेले असेल तर ते फक्त गरम होऊन वरून खरपूस व्हायचे असते, म्हणून गर्दीच्या टपरीवर बहुधा तेच दिसते. तिसरा प्रकार, म्हणजे नायट्राइटच्या मिठाने टिकवलेली आणि आतून गुलाबी दिसणारी सॉसेजेस, ती निखाऱ्यावर घालायचीच नाहीत. प्रखर आचेवर त्यांच्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. ती गरम पाण्यातच बरी.

कच्चे ब्राटवुर्स्ट जाळीच्या मोकळ्या बाजूला ठेवले की पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही. मग आतड्याचे आवरण, जे आधी दुधट आणि सैलसर असते, हळूहळू ताणले जाऊ लागते, दोन्ही टोकांच्या सुरकुत्या नाहीशा होतात, आणि आतल्या मसाल्याचे हिरवे ठिपके सालीतून दिसू लागतात. पाठीवर चरबीचे बारीक मणी उमटतात. हे मणी नुसते चमकत राहिले तर आच बेताची आहे. ते तडतडून उडू लागले तर सॉसेज निखाऱ्यांपासून आणखी दूर सरकवायचे. चिमट्याने हलकेच दाबल्यावर आधी खिम्याची मऊ दबक लागते, नंतर ती जाऊन एक प्रकारचा ताठरपणा जाणवतो. तो आला की मगच सॉसेज निखाऱ्यांवर घ्यायचे आणि सतत फिरवत सगळ्या अंगाने तांबूस-तपकिरी करायचे. एवढ्या वेळात काटा टोचण्याचा मोह टाळावा लागतो. ब्राटवुर्स्टमध्ये साधारण २५ ते ३० टक्के चरबी असते. टोचले की ती निखाऱ्यात गळते, ज्वाळा उठतात, आणि त्या धुराबरोबर बेंझोपायरीनसारखी अपायकारक द्रव्ये पुन्हा मांसावर येऊन बसतात. शिवाय सॉसेज आतून कोरडे पडते, आणि कोरड्या सॉसेजला कोणताही सॉस वाचवू शकत नाही.

आता यावर काय घालायचे, हा प्रश्न. आजोबांच्या घरात यावर एकमत नाही, कारण आजी मूळच्या थुरिंगियाच्या. मध्य जर्मनीतल्या त्या प्रांतात ब्राटवुर्स्ट हा अस्मितेचा विषय आहे. तिथल्या आर्नश्टाट गावच्या जोगिणींच्या मठाच्या हिशेबात ब्राटवुर्स्टसाठी आतडी आणल्याचा १ ग्रोशन खर्च टिपलेला आहे, आणि ती नोंद १४०४ सालची आहे. एवढा जुना कागद हाताशी असलेली माणसे केचपकडे कशी पाहणार हे वेगळे सांगायला नको. थुरिंगियाचे ब्राटवुर्स्ट किमान १५ सेंटीमीटर लांब असते, त्यात मिरी, लसूण, शहाजिऱ्याच्या जातीचे जिरे आणि मरवा असतो. मरवा म्हणजे तोच, जो आपल्याकडे गजऱ्यात ओवतात आणि देवाला वाहतात. आजींनी वाळलेला मरवा तळहातावर चोळून मला हुंगायला दिला, तेव्हा मला कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या फुलवाल्या आठवल्या आणि हा वास डुकराच्या मांसात घालायचा ही कल्पना पचवायला थोडा वेळ लागला. पण भाजल्यावर तो मरवा चरबीत असा काही मुरतो की त्याच्याशिवायचे ब्राटवुर्स्ट नंतर अळणी वाटू लागते. न्यूर्नबर्गच्या बोटाएवढ्या सॉसेजमध्येही मरवाच मुख्य. ती ७ ते ९ सेंटीमीटर लांब आणि २० ते २५ ग्रॅम वजनाची असतात, तीन-तीन एका पावात घालून खाल्ली जातात, आणि थुरिंगियाच्या ब्राटवुर्स्टप्रमाणेच त्यांच्या नावालाही २००३ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे.

अशा सॉसेजवर आजी फक्त मोहरी घेतात: व्हिनेगरमध्ये फेसलेली, झणझणीत, साखरेचा अंश जेमतेम असलेली. त्यांचे म्हणणे असे की ज्या मांसाला स्वतःची चव आहे त्याला पांघरूण कशाला. हे म्हणणे थुरिंगियाच्या सॉसेजपुरते मला पूर्ण मान्य आहे. मात्र जर्मन माणूस सॉसेजवर गोड घालायला केचप आल्यावर शिकला असे कोणी म्हणाले तर ते खरे नाही. म्युनिकमध्ये योहान कॉनराड डेव्हेलाय याने १८५४ मध्ये भरड मोहरीत साखर घालून गोड मोहरी तयार केली, आणि बव्हेरियाचे पांढरे सॉसेज आजही तिच्याबरोबरच खातात. ते सॉसेज भाजत नाहीत, पाण्यात गरम करतात, त्यामुळे आपल्या विषयाच्या ते थोडे कडेला राहते. तरी चरबीवर आंबट आणि गोड एकत्र हवे ही गरज तिथे केचपच्या कितीतरी आधी ओळखलेली होती, एवढे नोंदवून पुढे जाते.

बर्लिनची कथा वेगळ्या परिस्थितीतून येते. हर्टा हॉयव्हर ही बाई १९१३ मध्ये क्योनिग्जबर्गला जन्मलेली. युद्धानंतर बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात, कांटश्ट्रासे आणि कायझर-फ्रीडरिश-श्ट्रासे यांच्या कोपऱ्यावर तिची खाण्याची टपरी होती. पश्चिम बर्लिनला माल पोहोचू न देणारी सोव्हिएत नाकेबंदी मे १९४९ मध्ये उठली होती, पण दोस्त राष्ट्रांची विमाने अजून शहरात माल उतरवत होती. पश्चिम जर्मनीचे नवे राज्य काही महिन्यांचे होते आणि पूर्वेकडचे अजून जन्मायचे होते. ४ सप्टेंबर १९४९ रोजी, तिने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, धो-धो पाऊस पडत होता आणि टपरीवर चिटपाखरू नव्हते. वेळ जाईना म्हणून तिने टोमॅटो, करी पावडर आणि इतर मसाले एकत्र करून सॉस बनवला आणि तळलेल्या सॉसेजच्या तुकड्यांवर ओतला. शार्लोटेनबुर्ग ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात येत होते, त्यामुळे करी पावडर आणि वूस्टर सॉस ब्रिटिश सैनिकांकडून आले असे सांगितले जाते. तिने आपल्या सॉसला ‘चिलअप’ हे नाव दिले आणि १९५९ मध्ये ते नोंदवून घेतले. १९९९ मध्ये ती वारली तेव्हा मूळ कृती तिच्याबरोबर गेली. जिथे तिची टपरी होती तिथे २००३ पासून स्मृतिफलक आहे. हाम्बुर्गचे आणि रुरचे लोक हा मान आपल्याकडे ओढतात, पण तारखेसह उभा असलेला दावा हर्टाबाईंचाच.

त्या कथेतला सॉस सगळे सांगतात, सॉसेज कोणी सांगत नाही. मला मात्र महत्त्वाचे ते वाटते. युद्धानंतरच्या शहरात मांस बेताचे, मसाले दुर्मीळ आणि आतडीसुद्धा पुरेशी मिळत नसत, म्हणून आवरणाशिवायचे सॉसेज करण्याची युक्ती त्या काळात रुजली. बर्लिनच्या टपरीवर आजही गिऱ्हाइकाला सालीचे की बिनसालीचे असे विचारतात. असे बिनसालीचे, बारीक वाटलेले, सौम्य सॉसेज तव्यावर तेलात तळले, की त्याला मरव्याचा वास नसतो, सालीचा कुरकुरीतपणा नसतो, धुराचा कडवटपणा नसतो. तिथे सॉसला जेवढे काम करावे लागते तेवढे थुरिंगियात मोहरीला कधीच करावे लागत नाही. म्हणजे आंबट-गोड लेपाचा थाट हा सॉसेजच्या उणेपणातून आलेला आहे, आणि म्हणूनच सॉसेज बदलले की सॉसही बदलायला हवा. बाजारात मिळणारा तयार करी-केचप सगळ्यांवर सारखाच ओतणाऱ्या माणसाला सॉसेजची चव कळलेली नसते, असे मी थोड्या उद्धटपणाने म्हणेन.

रुरचे सॉसेज या दोन टोकांच्या मधले. साल आहे, निखारा आहे, चांगले डुकराचे मांस आहे, पण मसाला हात राखून घातलेला. किलोमागे १८ ते २० ग्रॅम मीठ मात्र सगळीकडे सारखेच, आणि हे लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे, कारण त्याचा अर्थ असा की सॉसमध्ये मीठ जवळजवळ घालायचेच नाही. खारट आणि चरबीयुक्त बाजू सॉसेज सांभाळते, कडवट खरपूसपणा निखारा देतो, आणि उरलेल्या दोन जागा, आंबट आणि गोड, मोकळ्या राहतात. सॉसने त्या भराव्यात, बाकीच्यांच्या जागेत घुसू नये.

चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. आमटीत गूळ किती हे कोणी मोजून सांगत नाही. चिंच किती आंबट निघाली यावर ते ठरते, आणि आमटीची चव घेऊन माझी आई जेव्हा ‘गुळाचा खडा अजून टाक’ म्हणत असे तेव्हा तिला आमटी गोड करायची नसे, आंबटाची धार तेवढी बोथट करायची असे. इथल्या सॉसला मी हीच कसोटी लावते. गोड चव वेगळी ओळखू आली, की साखर जास्त झाली. आणि चिंचेचा धागा इथे अगदीच परका नाही. इंग्लंडमधल्या वूस्टर गावच्या ली आणि पेरिन्स या दोघा औषधविक्यांनी १८३७ पासून विकायला काढलेल्या सॉसमध्ये व्हिनेगर, मळी, खारवलेली मासळी यांच्याबरोबर चिंचेचा अर्क असतो. म्हणजे सैनिकांची ती बाटली जर खरोखर हर्टाबाईंच्या टपरीत पोहोचली असेल, तर करीवुर्स्टच्या पहिल्या ताटलीत चार थेंब चिंच होतीच.

चिंच आणि व्हिनेगर यांच्या वागण्यात मात्र फरक आहे आणि तो पातेल्यात लगेच दिसतो. व्हिनेगरमधले आम्ल वाफेबरोबर उडून जाते. सुरुवातीला घातलेले व्हिनेगर अर्ध्या तासाच्या उकळीनंतर मवाळ होते आणि नाकात जाणारा तिखट वास संपतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल उडत नाही, उलट सॉस आटला की ते आणखी तीव्र लागते. म्हणून चिंचेचा कोळ वापरायचा असेल तर तो बेताने आणि आटवण्याचा अंदाज घेऊन, आणि व्हिनेगर वापरायचे असेल तर दोन हप्त्यांत: निम्मे आधी मुरण्यासाठी, निम्मे शेवटी, उतरवण्यापूर्वी. सफरचंदाचा आंबटपणा या दोघांच्या मधला, सौम्य आणि फळाची गोडी बरोबर घेऊन येणारा.

माझ्या घरचा सॉस आता असा स्थिरावला आहे. सहा ब्राटवुर्स्टसाठी दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून तेलात मंद आचेवर परतायचे. इथे घाई करू नये. कांदा पारदर्शक होऊन, मग पिवळसर, मग फिका बदामी व्हायला वीसेक मिनिटे सहज लागतात, आणि सॉसच्या गोडीचा निम्मा वाटा या कांद्यातूनच येतो. त्यात दोन मोठे चमचे टोमॅटोची घट्ट पेस्ट घालून ती विटकरी रंगाची होईपर्यंत परतायची, म्हणजे तिचा डब्याचा वास जातो. मग पातेले आचेवरून थोडे बाजूला घेऊन एक मोठा चमचा करी पावडर आणि अर्धा चमचा गोड पाप्रिका, म्हणजे तिखट नसलेली लाल मिरचीची पूड. इथल्या करी पावडरीत हळद, धणे, मेथी आणि जिरे मुख्य असतात. मेथी तेलात जळली तर कडू होते आणि कच्ची राहिली तरी कडूच लागते, म्हणून हे काम अर्ध्या मिनिटाचे पण डोळ्यात तेल घालून करण्याचे. लगेच ४०० ग्रॅम टोमॅटोचा गर आणि एक आंबट सफरचंद किसून. आजोबांच्या झाडाची बोस्कोप जातीची सफरचंदे यासाठी उत्तम. नुसती खाल्ली तर दात आंबतात. गोडीसाठी मी साखर न घालता ऱ्हाइनच्या काठचा साखरेच्या बिटाचा पाक घालते. तो काळसर, दाट आणि गुऱ्हाळातल्या काकवीसारखा असतो, तसाच किंचित खनिज चवीचा, आणि तो दोन चमचे घातला की सॉसला नुसत्या साखरेने न येणारा भारदस्तपणा येतो. सफरचंदाचे व्हिनेगर तीन चमचे, वर सांगितल्याप्रमाणे दोनदा. वूस्टर सॉस एक लहान चमचा. हे सगळे अर्धा तास रटरटू द्यायचे, गाळायचे नाही, घुसळायचेही नाही. कांदा आणि सफरचंद जिभेला लागले पाहिजेत. सॉस पळीवाढा झाला की पुरे. त्याहून पातळ असेल तर तो ताटलीच्या तळाशी जातो, आणि फार घट्ट असेल तर जॅमसारखा एका जागी बसतो.

कोल्हापूरची असल्यामुळे कांदा-लसूण मसाला घालून पाहण्याचा आग्रह मला बऱ्याच जणांनी केला. डुकराच्या ब्राटवुर्स्टवर तो जमत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातला लसूण आणि सुके खोबरे दोन्ही पुढे येतात, मरवा बुडतो, आणि आपण सॉसेज खात नसून रश्श्यातले तुकडे खात आहोत असे वाटू लागते. गोडा मसाला मात्र अर्धा चमचा घातला तर सफरचंदाशी त्याचे चांगले जुळते. दगडफुलाचा वास आणि निखाऱ्याचा धूर यांची जवळीक असावी.

ताटलीत वाढण्याची रीतही बिनमहत्त्वाची नाही. निखाऱ्यावरून काढलेले सॉसेज दोन-तीन मिनिटे तसेच राहू द्यायचे, म्हणजे कापताना रस उडत नाही. मग बोटभर रुंदीचे तुकडे. कापल्यामुळे प्रत्येक तुकड्याला एक खरपूस कडा आणि दोन मऊ, ओलसर बाजू मिळतात. सॉस त्या मऊ बाजूंनी आत शिरतो आणि कडा कुरकुरीत राहते, म्हणून अख्ख्या सॉसेजवर सॉस ओतण्यात ही मजा येत नाही. सॉस कढत हवा. बर्लिनमध्ये थंड केचपसारखा सॉस घालून वर करी पावडर भुरभुरतात. कच्च्या पावडरीचा तो कोरडा कण मला घशात खवखवतो, म्हणून मी नावापुरती चिमूट घालते, तीही गरम सॉसवर. बरोबर तळलेल्या बटाट्याच्या फोडी किंवा पाव. आणि वाट पाहायची नाही, कारण पाचव्या मिनिटाला साल मऊ पडते आणि मग एवढा वेळ निखाऱ्यापाशी उभे राहून काय मिळवले असा प्रश्न पडतो.

या पदार्थाला देशात केवढी प्रतिष्ठा आहे ते एका मोटारीच्या कारखान्यावरून कळते. फोक्सवॅगन कंपनी वोल्फ्सबुर्गला १९७३ पासून स्वतःचे सॉसेज बनवते आणि त्याला सुट्या भागासारखा क्रमांकही आहे: १९९ ३९८ ५०० ए. २०२१ मध्ये तिथल्या एका उपाहारगृहाने मांस बंद करून करीवुर्स्ट हटवले, तेव्हा माजी चान्सेलर गेऱ्हार्ड श्रोडर यांनी जाहीर निषेध नोंदवला. दोन वर्षांनी ते परत आले.

डुकराचे मांस न खाणाऱ्यांसाठी रुरमध्ये उपाय शेजारीच असतो. ३० ऑक्टोबर १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार इथे आले, आणि त्यांच्याबरोबर गोमांसाचे सुजुक आले. सुजुक आंबवून वाळवलेले असते. लसूण, जिरे आणि लाल मिरची यांनी भरलेले. त्याचे काप निखाऱ्यावर क्षणभरात होतात. त्यावर माझा नेहमीचा सॉस घातला तर आंबटावर आंबट होऊन तोंड आंबून जाते, म्हणून त्यासाठी व्हिनेगर पूर्ण वगळायचे, सफरचंद गोड जातीचे घ्यायचे आणि कांदा थोडा जास्त. आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांपैकी काही जण टर्कीच्या मांसाचे सॉसेज आणतात. ते चरबीने हलके आणि चवीने अगदी सौम्य असते. त्याला सॉसमध्ये एक चमचा लोणी आणि, इथे मी माझाच नियम मोडते, थोडा कांदा-लसूण मसाला चालतो.

आणि काही सॉसेजेसना वरून काहीच लागत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा करून टांगलेली गोव्याची चोरीस पाहिली असतील, तर त्यांच्या वासावरूनच ते कळते. माडाचे व्हिनेगर, लाल मिरची, लसूण, मीठ हे सगळे मांसात मुरवूनच ती उन्हात आणि धुरात वाळवलेली असतात. आंबटपणा आतच असतो. तिथे कांदा लागतो, पाव लागतो आणि ती स्वतःच्या चरबीत परतली जातात. निखाऱ्यावर घातली तर मसाला सालीतच करपतो. एका पाहुण्यांनी गोव्याहून आणलेल्या चोरीसवर हौसेने करी-केचप घातलेला मी पाहिला आहे. खाल्ले त्यांनी ते, पण दुसरा तुकडा घेतला नाही.

थुरिंगियाच्या आजी माझ्या सॉसकडे बराच काळ सहानुभूतीने पाहत असत. आता त्या इथल्या खाटकाकडचे साधे ब्राटवुर्स्ट असेल तर पातेल्यातून दोन चमचे घेतात, आणि माहेरून आलेले असेल तर माझ्यासमोर मोहरीची बरणी सरकवतात. मीही मुकाट्याने मोहरीच घेते. आजोबा दोन्ही घेतात, पण वेगवेगळ्या सॉसेजवर. शनिवारच्या बागेतल्या बेतासाठी सॉस करून आणशील का असा निरोप आला की मी होकार देण्याआधी एकच गोष्ट विचारते, सॉसेज कुठून आणणार आहात, आणि मग ठरवते की पातेले आणायचे की रिकाम्या हाताने जायचे.